नाकातला टाका

“वाटाणे आहेत की बंदुकीचे छर्रे?” गिलम ताटलीत बघून पुटपुटला. “जहाज मोडीत निघालं, तरी आचारी काही सुधारला नाही.”

जेबेझने त्याला कोपराने ढोसलं. समोर त्यांच्या मेलेल्या सोबत्याची, टोबायसची बायको, लव्हडे, बसली होती. ‘थॉर्नबॅक’ जहाज प्लिमथ बंदरात शेवटचं नांगरलं, तेव्हा इतर बायकांच्या होडीतून तीही वर आली होती. तिला ऐकायचं होतं नवऱ्याबद्दल. दोन तोफांमधल्या त्या मेजावर जो तो तिला जहाजाबद्दलच ऐकवत होता. फ्रेंचांची जहाजं कशी धरली, जमैकाच्या वादळात मधली डोलकाठी कशी कडाडली, पिवळ्या तापाने माणसं पटापट मरत असतानाही कप्तानाने फटके कसे चालूच ठेवले. चाबूक मारणारा तापाने कोसळला, तर ज्याला मारत होते त्यालाच सोडवून, पुढच्याला मारायला चाबूक त्याच्या हातात दिला. यावर सगळे हसले. लव्हडेही थोडी हसली.

टोबायस गेला ती लढाई मात्र प्रत्येकजण वळसा घालून टाळत होता.

“भावजी, त्यांना तुम्हीच शिवलंत ना?” तिने जेबेझला विचारलं.

जेबेझ शिडं शिवायचा. मेलेला खलाशीही, समुद्रात सोडण्याआधी, त्या खलाशाच्याच झोपायच्या झोळीत, पायाशी तोफेचे गोळे ठेवून, जेबेझच शिवायचा.

“मीच, वहिनी. चांगला मेण लावलेला दोरा होता.”

तिचा बापही शिडंच शिवायचा, ती म्हणाली. शेवटचा टाका मेलेल्याच्या नाकातून घालायचा. भूत झोळीतच बांधलेलं राहतं, मागे येत नाही.

“यांच्याही नाकातून घातलात?”

जेबेझने हात मेजाखाली घेतले. लढाई संपल्या संपल्या कप्तान डेक मोकळा करा म्हणून ओरडत होता. डोक्याला डोलकाठीचा तुटका तुकडा लागलेला टोबायस मेलेल्यांच्या रांगेत निजवलेला होता. त्याच्या वाकड्या नाकावरून जेबेझने त्याला इतकी वर्षं चिडवलं होतं. सुई तिथवर नेली आणि हात पुढे जाईना. शेवटचा टाका त्याने नुसता कापडात घेतला.

“नाही, वहिनी. माझ्याने झालं नाही.”

लव्हडेचा चेहरा एकदम निवळला. तिने वाकून त्याचा हात शोधला, वर घेतला आणि दोन्ही हातांत धरला.

“म्हणजे ते बांधलेले नाहीत,” ती म्हणाली. “घरी येतील. मी दाराला कडी घालणार नाही आता.”

जेबेझला हात सोडवून घ्यायचा होता. पण त्याला तो सोडवेना. बाकीचे आपापल्या वाटाण्यांकडे बघत राहिले.

गिलमने ताटली बाजूला सारली.

“तो टाका भुतासाठी नसतो, बाई. माणूस जिवंत असला, तर सुईने दचकतो. म्हणून असतो.”

“गिलम,” जेबेझ म्हणाला.

“त्याला समुद्रात सरकवायच्या फळीचं एक टोक माझ्या हातात होतं,” गिलम म्हणाला. “आम्ही ती उचलली, तेव्हा झोळी हलत होती.”