मुंगी म्हणाल तर खबरदार!

मी मुंगी बोलत नाहीये. हे आधीच सांगून टाकते, मागाहून कुरकुर नको. दिसायला मी मुंगी, चालायला मुंगी, कमरेत बारीक आणि रंगाने काळीकुळकुळीत. पण मी कोळी आहे. जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसणं आमच्या घराण्यात नाही. आम्ही उडी मारतो आणि पकडतो.

खोटं वाटत असेल तर पाय मोजा. मुंगीला सहा, मला आठ. पुढचे दोन मी डोक्याशी उचलून धरते आणि सारखे हलवत राहते. बघणाऱ्याला वाटतं, मुंगीच्या मिशा! आयुष्यभर दोन हात वर करून चालायचं, आहे का तुमच्यात दम?

हे सोंग कशासाठी, असं विचाराल. अहो, मुंगीला कुणी तोंड लावत नाही. ती चावते, आंबट लागते, आणि एकीला डिवचलं की तिच्या शंभर बहिणी धावून येतात. माझी चव चांगली आहे, हेच माझं दुखणं. चिमणी, गांधीलमाशी, पाल, सगळ्यांना मी आवडते. म्हणून मी मुंग्यांच्या आसपास राहते. कुणी याला लबाडी म्हणतं. म्हणू दे. चिमणीच्या चोचीसमोर एकदा उभं राहा आणि मग मला नीतिमत्ता शिकवायला या.

माझा जन्म घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातला. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, खिडकीला लागून कामाचं टेबल आणि टेबलाच्या कोपऱ्यात कुंडीतलं लिंबाचं झाड. त्या झाडाच्या एका दुमडलेल्या पानात, रेशमाच्या पांढऱ्या पडद्याआड आम्ही भावंडं जन्मलो. लहानपणी मी तपकिरी होते, बारक्या तांबूस मुंगीसारखी. कात टाकत गेले तशी काळी आणि मोठी झाले, मग मोठ्या काळ्या मुंग्यांमध्ये ऊठबस सुरू केली. आईने एकच धडा दिला होता, "मुंग्यांच्या जवळ राहायचं, पण अंगाला अंग लागू द्यायचं नाही. वास आला की फाडून खातील."

लग्नही झालं. आमच्या पुरुषांचा जबडा एवढा लांब, की एखादी मुंगी तोंडात ओझं धरून निघालीय असं वाटावं. आमचे हे तो जबडा सावरत सावरत आले, थोडे नाचले आणि गेले ते गेलेच. असो. कुरकुर करायला मला सवड नव्हती, कारण मी त्याच झाडावर एक पान निवडलं, दुमडलं, रेशमाने शिवलं आणि त्यात अंडी घातली. तेव्हापासून मी त्या पानाची राखण करू लागले.

आता दुकानातली माणसं. तिथे भाऊबहीण असायची. भाऊ टेबलाशी बसायचा, एका डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा घेऊन. बहीण पुढे काउंटर सांभाळायची, पट्टे आणि सेल विकायची आणि गिऱ्हाइकांना धाकात ठेवायची. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला बेबी. बेबीचे केस पिकले होते आणि आवाज चौकातल्या रिक्षावाल्यांपर्यंत पोचत होता, पण दादासाठी ती बेबीच.

दादाचा एक नियम होता. आधी बघायचं, मग बोट लावायचं. बंद पडलेलं घड्याळ आलं की तो ते उघडायचा आणि नुसता बघत बसायचा. गिऱ्हाईक ताटकळायचं, बेबी वैतागायची, पण दादा हलायचा नाही. जेवायला उठताना उघड्या घड्याळावर तो काचेचं झाकण पालथं घालायचा, धूळ बसू नये म्हणून. ते भिंग आणि ते झाकण यांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

सोंग फक्त आम्हीच घेतो असं मात्र समजू नका. बेबी दुपारी चहा करायची, साखर सढळ हाताने. दादाला डॉक्टरांनी साखर बंद केलेली. पण बहिणीला नाही म्हणवत नव्हतं. मग तो एक घोट घ्यायचा, "वा, फक्कड!" म्हणायचा, आणि ती पाठमोरी झाली की उरलेला चहा लिंबाच्या कुंडीत. रोज! मग काय, मुंग्यांची चंगळ. मलाही बरंच होतं, जितक्या मुंग्या तितकी मी सुरक्षित.

पण एक दिवस मुंग्यांची रांग कुंडीवरून टेबलावर आणि टेबलावरून थेट एका उघड्या घड्याळात गेली. बेबीने आकाशपाताळ एक केलं.

"दादा, गिऱ्हाइकाच्या घड्याळात मुंग्या! नाव जाईल आपलं. आज संध्याकाळी दुकान बंद करताना मी झाडावर औषध फवारणार."

"झाडाला कशाला औषध? मुंग्या मी हलवतो."

"हलव. पण संध्याकाळी झाडावर एक जरी दिसली, तरी फवारणार म्हणजे फवारणार."

चिमणीला फसवता येतं, गांधीलमाशीला फसवता येतं. औषधाला कसं फसवणार? माझी अंडी त्याच झाडावर होती.

दादाने युक्ती केली. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर त्याने थोडा चहा ओतला आणि तिथून कुंडीपर्यंत थेंबाथेंबाची वाट केली. मुंग्या त्या वाटेने निघाल्या. घड्याळात शिरलेल्यांना त्याने मऊ ब्रशने एकेक करून उचललं आणि बाहेर नेऊन ठेवलं. दुपार कलेपर्यंत झाड रिकामं झालं.

रिकामं म्हणजे, मी सोडून.

आता बघा माझी पंचाईत! पान सोडून गेले तर अंडी उघड्यावर. थांबले तर झाडावर दिसणारी ती एक मुंगी मीच, आणि माझ्याच पायी माझ्या अंड्यांवर फवारा.

खिडकीच्या चौकटीवर एक पतंग बसायचे. रात्री दिव्याभोवती फिरतात त्यातले, दिवसभर लाकडाची ढलपी होऊन चिकटलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "पोरी, निघून जा. मुंगी झालीस ना, मग मुंग्यांबरोबर चालू लाग. सोंग घेतलं की मोडायचं नसतं. अंडी काय, पुन्हा घालशील."

"तुम्ही बसा ढलपी होऊन," मी म्हटलं. "मी जायची नाही."

तेवढ्यात बेबीचं लक्ष गेलंच. "ही बघ, राहिली एक!"

"चुकार असेल. सोडतो तिला घरच्यांत," दादा म्हणाला. त्याने ब्रश माझ्यापुढे धरला, मला अलगद उचललं, खिडकीबाहेर नेलं आणि त्या चहाच्या थारोळ्यापाशी, मुंग्यांच्या ऐन गर्दीत ठेवलं. वर आणखी मायेने म्हणतो कसा, "वाट चुकली होतीस ना गं? जा, सगळ्या वाट बघतायत."

मेल्या, कसली वाट बघतायत? त्या मला जेवायला बसल्या असत्या! हा माणूस घड्याळातलं केसाएवढं चाक ओळखतो, आणि माझे पाय मोजायचे मात्र त्याला सुचलं नाही. सगळ्या मुंग्या सारख्याच, असं धरून चालला. आधी बघायचं हा नियम फक्त घड्याळांसाठी होता म्हणायचं.

मी श्वास रोखला, पुढचे पाय मिशांसारखे हलवले, इकडून तिकडून वाट काढली, भिंत चढले आणि परत पानावर आले. बेबीने पुन्हा बघितलं. या वेळी दादाने घड्याळावरचं काचेचं झाकण उचलून माझ्यावर पालथं घातलं, खालून कागद सरकवला आणि मला कट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वारुळाच्या भोकापाशी सोडलं. तिथे एकीची मिशी माझ्या अंगाला लागलीच. तिने माझा मागचा पाय धरला. दुसरी आली, तिसरी आली. मी पाय तिथेच सोडला आणि उडी मारली. हो, सोडला! मोडून त्यांच्या तोंडात ठेवला आणि निघाले.

सात पायांनी भिंत चढताना मला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त. चौकटीवरून काका म्हणाले, "सांगितलं होतं."

"काका," मी म्हटलं, "सोंग जीव वाचवायला घेतलं होतं. ते माझ्या पोरांचाच जीव घेत असेल तर चुलीत गेलं."

आणि मी पानाकडे गेले नाही. तडक दादाच्या टेबलावर गेले.

तो एका घड्याळावर ओणवा झाला होता, डोळ्याला भिंग. मी उडी मारली ती थेट त्या घड्याळाच्या कडेवर, भिंगाच्या अगदी खाली. मिशा हलवणं बंद केलं. पुढचे पाय खाली टेकवले, तोंड वर केलं आणि माझे समोरचे दोन मोठे डोळे त्याच्या डोळ्याला भिडवले. बघ म्हटलं. घड्याळ बघतोस तसं बघ.

दादाचा चिमटा हवेतच राहिला. त्याने डोकं जरा डावीकडे केलं, मीही तिकडे वळले. उजवीकडे केलं, मीही वळले.

"अरेच्चा! बेबी, ही माझ्याकडे बघतेय! मुंगी अशी कधी बघते का?" मग त्याने पाय मोजले. नंतर तुटक्या पायाचं थोटूक दिसलं, तेही मोजलं. त्याचा चेहरा पडला. "अगं, ही मुंगी नाहीच. कोळी आहे. आणि मी हिला दोनदा मुंग्यांत नेऊन सोडलं."

मला वाटलं, सुटले. कसलं काय!

"कोळी?" बेबी किंचाळली. "ई! मुंगी असती तर एकवेळ चाललं असतं. आधी हिलाच मारते." आणि ती औषधाची बाटली घेऊन आलीच.

म्हणजे मुंगी म्हणून राहिले तर मरण आणि कोळी म्हणून पुढे आले तरी मरण. ठीक आहे, मी म्हटलं. मरायचंच तर आपल्या नावाने मरू. मी घड्याळावरून कुंडीवर आणि कुंडीवरून पानावर उडी घेतली, रेशमाच्या पडद्यावर चढून उभी राहिले आणि पुढचे दोन्ही पाय बाटलीच्या तोंडासमोर उगारले. मिशा म्हणून नाही. मारायला.

दादा मध्ये आला नाही. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, जे तो कुणाच्या हाती देत नसे, आणि तिच्यापुढे धरलं.

"आधी बघ. मग मारायचं तर मार."

बेबीने बाटली काखेत धरली, भिंग डोळ्याला लावलं आणि नाक मुरडत वाकली. नाक मुरडायचं ती विसरूनच गेली.

"पाय का वर केलेत हिने?"

"तुला मारायला."

"मला?" ती अजून वाकली. "एवढीशी ती! माझ्यापुढे भलीभली गिऱ्हाइकं मान खाली घालतात, आणि ही माझ्यावर पाय उगारते?" मग तिला माझ्या खालचा पांढरा पडदा दिसला आणि त्यातले पिवळे दाणे. "अगं बाई. लेकुरवाळी आहे होय."

ती सरळ झाली. भिंग पुसून दादाच्या हातात दिलं आणि बाटली कपाटात ठेवली, जोरात आपटून.

"पिल्लं झाली की बिऱ्हाड बाहेर. सांगून ठेव तिला." दोन पावलं गेली आणि वळली. "आणि बाहेर सांडलेला तो चहा कुठला? माझाच ना? रोज कुंडीत ओततोस?"

दादा खाली बघू लागला. "साखर बंद आहे गं मला. तुला वाईट वाटलं असतं."

"तोंड दिलंय ना देवाने? सांगायचं की! ही एवढीशी बाई समोर येऊन उभी राहिली, आणि तू?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "उद्यापासून बिनसाखरेचा करते."

पिल्लं झाली. तपकिरी, बारकी, तांबूस मुंगीसारखी. वाऱ्यावर रेशमाचा एकेक धागा सोडून, त्याला लटकत खिडकीतून गेली, काही झाडावरच राहिली. बेबीने बिऱ्हाडाचा विषय पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. काका ढलपी म्हणूनच गेले, चौकटीला चिकटलेले. झाडलोट करताना कुणालाही कळलं नाही. सोंग त्यांनी शेवटपर्यंत मोडलं नाही, पण मला त्यांचा हेवा वाटत नाही.

मी आता म्हातारी झालेय. उडी आखूड पडते. पोरांना मी आईचाच धडा दिला, दोन पाय वर धरा, अंगाला अंग लागू देऊ नका. फक्त पुढे एक जोडलं, कुणी वाकून बघितलं तर पळू नका. तुम्हीही बघा.

काल काउंटरवर एक मुंगी आली. खरीखुरी मुंगी, सहा पायांची. बेबीने सवयीने बोट उचललं, आणि ते तिथेच थांबलं.

"दादा," ती म्हणाली, "जरा भिंग दे रे."

जन्मभर मी मुंग्यांच्या आडोशाने जगले. आता या दुकानात मुंग्या माझ्या आडोशाने जगतात. फिटलं की नाही? आणि अजूनही कुणी मला मुंगी म्हणालंच, तर पाय वर आहेतच.