खाडीच्या चिखलातून वर आले

मित्रांनो, माझी उंची तुमच्या कमरेइतकीच आहे. १९८९ साली शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका परदेशी कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारख्या जेमतेम चाळीस गाड्या तिथे तयार झाल्या. अंग हलकं, इंजिन सीटच्या मागे, सगळं शर्यतीच्या गाडीसारखं. फक्त मी साध्या रस्त्यावर धावण्यासाठी होते.

ठाण्याच्या एका कारखानदाराने मला आणलं. सुरुवातीला लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. पुढे मालकांचं मन उडालं आणि माझ्यावर कापड पडलं. नौपाड्याचे विश्राम मिस्त्री तेवढे मला सांभाळत. त्यांची पत्नी चित्रा वारली, त्या वर्षी ते मला दिवसातून दोनदा पुसायचे. घरी लवकर जायला त्यांना नको वाटे.

एका रविवारी मालकांनी मिस्त्रींना मला डोंबिवलीच्या कारखान्यात आणायला सांगितलं. ओरखडा उठला तर तोंड दाखवू नका, असं बजावलं. रस्त्यावरच्या गतिरोधकांना माझं पोट घासेल, म्हणून मिस्त्रींनी मला खाडीकाठच्या मातीच्या वाटेने घेतलं. वाट वरून सुकलेली, खाली चिखल. माझी चाकं रुतली, आणि भरती लागली. खारं पाणी इंजिनात शिरलं असतं तर मी संपलेच होते.

काठावरच्या वस्तीतला दामाजी कोळी दहाबारा माणसं घेऊन धावला. इतर गाड्यांचं इंजिन पुढे असतं, त्या सवयीने सगळ्यांनी माझं नाक धरलं. ते हलकंच. नाक वर गेलं आणि मागची चाकं आणखी खाली. माझा भार मागे आहे, हे घाबरलेले मिस्त्रीही सांगायचं विसरले.

दामाजीची बायको सगुणा मासळी सुकत घालत होती. ती आली, माझ्या पाठीवर तळवा टेकला आणि चटकन उचलला; आतलं इंजिन तापलं होतं.

"अरं, पुरं कनाला उचलताव? हिची चूल तं मागं हाय."

पुढून कशाला उचलता, असं ती विचारत होती. दामाजी हसला. म्हणाला, हिला सगळीकडे चूलच दिसते. पण त्याने होडी ओढायच्या फळ्या आणून माझ्या मागच्या चाकांखाली सरकवल्या. सगळ्यांनी मागून जोर लावला आणि भार बरोबर उचलला गेला. मी कोरड्या जमिनीवर आले, तेव्हा माझ्या खड्ड्यात पाणी भरत होतं.

मिस्त्रींनी फडक्याने माझ्यावरचा चिखल पुसला. मग मला चारही बाजूंनी पाहिलं. ओरखडा नव्हता. कपड्यांवरचा एवढा चिखल बघून घरी बायको रागावेल, असं सगुणा मिस्त्रींना म्हणाली.

"रागवायला कोणी नाही, ताई. गेल्या पावसाळ्यात गेली."

हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. सगुणाने आपल्या घराकडे हात केला.

"मंग जेवून जा, दादा."

ते दोन भाकऱ्या जेवले. चित्राबद्दल बोलले, एकदा हसलेही. त्या दिवशी आम्ही दोघंही सुटलो.

आता मी कल्याणच्या एका शेडमध्ये असते. मिस्त्री दर आठवड्याला येतात आणि इंजिनचं झाकण उघडण्याआधी माझ्या पाठीवर हात ठेवतात. मित्रांनो, रुतलेल्या कोणाला ओढायला धावाल, तेव्हा आधी तेवढा हात ठेवून बघा.