पहिल्या मिनिटाचे गुण

भूपेंद्रच्या मुलीला जन्मताच दहापैकी तीन गुण मिळाले. पण ते झालंच नाही असं धरून चालू. भूपेंद्र तसंच धरून चालतो.

तो लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. ग्रेसचा अर्धा गुणही कुणाला देत नाही, अशी त्याची ख्याती. त्या दुपारी शहाद्याच्या एका दवाखान्यात तो प्रसूतिगृहाच्या दाराशी उभा होता. शेजारी आई, तापीबाई, काशाची थाळी आणि लाटणं घेऊन. बाळ जन्मलं की थाळी वाजवायची, म्हणजे पुढे ते कशाला दचकत नाही, ही घरची रीत.

आतून कुणीतरी म्हणालं, "आली हो, मुलगी!" तापीबाईंनी थाळी बडवायला घेतली. असा दणका, की समोरच्या बाकावरचा तापाचा पेशंट उठून घरी निघाला.

पण बाळ रडेना.

दार किलकिलं झालं. रंजिता सिस्टर ओरडल्या, "बंद करा ते! डॉक्टर मॅडमना बाळाचे ठोके ऐकू येत नाहीयेत!"

"माय, थांब."

"मन्हा घर लेकरू उनं, नि थांबू?"

भूपेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा आईच्या हातातलं काही हिसकावलं. थाळी छातीशी घट्ट दाबली. तिची थरथर त्याच्या बरगड्यांत उतरली आणि विझली.

आता आतलं सगळं ऐकू येऊ लागलं. पिशवीने हवा देण्याची फुसफुस, आणि मधून बाळाला पहिल्या मिनिटाचे गुण मोजणारा सिस्टरांचा आवाज. "ठोके मंद, एक. श्वास अडखळतोय, एक. चेहरा जरा वाकडा केला, एक. हातपाय ढिले, शून्य. रंग निळा, शून्य."

दहापैकी तीन भूपेंद्रने आजवर कितीतरी जणांना दिले होते. चहा पिता पिता.

"थोडे ग्रेसचे द्या," तो दाराला म्हणाला.

मग गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला. पुन्हा आला. मग चांगलाच संतापून आला.

"पाचव्या मिनिटाला आठ!" सिस्टर म्हणाल्या.

तापीबाईंनी पदराने डोळे पुसले. "आते वाजाडू का?"

"हळू."

भूपेंद्रच्या छातीवरच्या थाळीला त्यांनी नखाने एकदाच टिचकी मारली.

डॉक्टर मॅडम बाहेर आल्या तेव्हा भूपेंद्र ताठ उभा राहिला, हात जोडून, थाळी काखेत.

"मॅडम, अर्ज तोंडीच करतो. सदर उमेदवाराचे पहिले मिनिट रद्द समजावे, जन्मवेळ पहिल्या रडण्यापासून धरावी, आणि मधला काळ तिच्या वडिलांना यापुढे आठवणार नाही अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."