व्याह्याची लाईन

मित्रांनो, मी एक जुना चेंजओव्हर स्विच आहे. चिनीमातीची बैठक, तांब्याची दोन पाती आणि एक लाकडी मूठ, एवढंच माझं शरीर. मूठ वर केली की सरकारी वीज, खाली केली की जनरेटरची.

सेलूच्या बाजारात सिद्धलिंग यांच्या कापड दुकानात मला बसवलं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी बाजार बंद राही ते दिवस सोडले, तर मी रोज वर-खाली होत असे, कारण संध्याकाळी सरकारी वीज हमखास जाई. गल्लीत जनरेटरची वीज विकणारे दोघे होते: चौकातले दिनकरराव आणि गल्लीच्या टोकाचे लिंगराज. लिंगराज हे सिद्धलिंगांचे व्याही. लेक नीलम्मा त्यांच्या घरात दिलेली. त्यामुळे माझ्या खालच्या स्क्रूंना कुणाची तार जोडायची, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

पहिल्या हंगामात माझं फार कौतुक झालं. मूठ खाली पडताच दिवा लख्ख लागे आणि आतल्या बाजूला सिद्धलिंगांची बायको भागम्मा मशीनवर झंपर शिवत बसे. पुढे लिंगराजांनी त्याच जनरेटरवर मागेल त्याला दिवे जोडून दिले. विजेचा दाब उतरला. दाब थोडाच उतरला, तरी दिव्याचा उजेड फार उतरतो. आमचा दिवा विटकरी दिसू लागला. एकेक दुकान दिनकररावांकडे गेलं. त्यांच्या माणसानं आमच्याकडेही तार आणून ठेवली. ती गुंडाळी माझ्याशेजारी खिळ्याला लटकत राहिली. फक्त दोन स्क्रूंचं काम होतं.

शेजारचे भांडेवाले किशनराव म्हणत, "सिद्धलिंगअप्पा, व्याह्याचा दिवा दिसंना झाला. कंदील लावून बघा की." सिद्धलिंग कसंनुसं हसत.

एका संध्याकाळी काळ्या कापडावर काळी शिवण घालताना मशीनची सुई भागम्माच्या बोटातून आरपार गेली. बोट बांधून होताच सिद्धलिंगांनी गल्ल्यातून पेचकस काढला. भागम्मानंच त्यांचा हात धरला. "तार बदलताल अन् लेकीला तिथं बोलणी बसतील. राहू द्या."

दोन दिवसांनी नीलम्मा आईचं बोट बघायला आली. वीज गेली, माझी मूठ खाली आली. ती दिव्याकडे बघत राहिली.

"अप्पा, ही आमचीच लाईन हाय का?"

"मग कुणाची घेऊ?"

नीलम्मानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आमच्या घरात दिनकररावांची हाय. मामंजींनी दिवाळीलाच घेतली. आपल्या जनरेटरला दम न्हाई म्हणले. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून मला बजावलंय."

भागम्मा बांधलेल्या बोटाकडे बघत बसली. सिद्धलिंगांनी पेचकस माझ्या स्क्रूला लावला.

"आता नका, अप्पा," नीलम्मा म्हणाली. "आज बदलली तर मीच सांगितलं म्हणून कळंल की त्यांना."

पेचकस परत गल्ल्यात गेला.

पुढे भागम्माचं शिवण सुटलं. मशीनवर चादर आली आणि गुंडाळीला लोक पिशव्या अडकवू लागले. आता मी भंगाराच्या पेटीत आहे. पाती काळी पडली, मूठ तडकली, पण खालच्या स्क्रूंच्या खाचा अजून कोऱ्या आहेत; पहिल्या जोडणीनंतर त्यांत पेचकस कधी फिरलाच नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा स्विच घरी असेल तर त्याचं तांबं घासत जा, स्क्रू आवळत जा. आणि तार जोडण्याआधी, त्या उजेडात जो काम करणार आहे त्याला विचारा. भागम्माला कुणी विचारलं नव्हतं.