जिनानं बाप नेला

‘सरकी’ या टोपणनावाने लिहिणारा माणूस माझ्याच घरात बसून सिनेमे पाहतो, याची दिवाळीच्या तोंडावर मला खात्री पटली.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी नदीपलीकडून निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकात जुन्या अमेरिकन सिनेमांची परीक्षणं लिहीत होतो. सगळ्या आदिलाबाद जिल्ह्यात हे काम करणारा मी एकटा, हे कोणी न विचारताही सांगायचो. मग हा सरकी उपटला. माझ्या शेजारीच, अर्ध्या कॉलमात, त्याच सिनेमावर. लोक आधी त्याचं वाचू लागले. संपादक महिपत यांनी एके दिवशी फोनवर सांगून टाकलं, “सुधाकरराव, पानं कमी होताहेत. दिवाळीनंतर दोघांपैकी एकच ठेवता येईल.”

त्या कॉलमाखेरीज मला आता विचारत होतं कोण?

माझ्या पेनड्राइव्हवर एका सिनेमाची शेवटची दहा मिनिटं नव्हतीच. सरकीने लिहिलं, ‘शेवट पाहायला मिळाला नाही, पण त्या बाईने दार उघडलं नसणार.’ म्हणजे चोर घरातलाच! रविवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये दोघंच असतो: मी आणि खालच्या मजल्यावरचा भाडेकरू भार्गव. तो कॉलेजात इंग्रजी शिकवतो. माझी बायको वनमाला कोपऱ्यात लसूण सोलत बसते, पण तिला इंग्रजी येत नाही. मधेच विचारते, “हा काऊन रडून राह्यला?” मी म्हणतो, “तुला नाही समजायचं, तू लसूण सोल.”

मी सिनेमा सोडून भार्गवकडेच पाहू लागलो. तो मोबाइलवर काही टिपतो का, कुठे हसतो. एकदा सरळच विचारलं, “सरकी म्हणजे काय रे?”

“म्हशीले चारतेत ते ना, काका?” पापणीही न लवता तो म्हणाला.

किती साळसूद! रात्रंदिवस त्याच्या नावाने बोटं मोडत होतो मी.

पुढच्या रविवारच्या सिनेमात एक तरुण वकील भर कोर्टात म्हणतो, “जिन टुक माय फादर.” दारूने माझा बाप नेला. आणि सरकीने काय लिहावं? ‘बाप जिनात राबून राबून गेला. पोरगा खोकल्याबद्दल बोलत नाही, नुसता बापाचा रुमाल घडी करून खिशात ठेवतो. कापसाची धूळ छातीत बसली की माणूस असाच बसल्या जागी वाळत जातो.’

मी टाळीच वाजवली. भैंशापासून आमच्यापर्यंत जिन म्हटलं की लोकांना कापसाचा कारखानाच आठवतो, पण परीक्षण लिहिणाऱ्यालाही? इंग्रजीचा प्राध्यापक अशी चूक करील का, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मी लगेच पत्र खरडलं: ‘ज्याला दारू आणि कापूस यांतला फरक कळत नाही, त्याच्या हाती अमेरिकन सिनेमा द्यावा?’ महिपतनी ते चौकटीत छापलं.

अंक आला त्या सकाळी मी ते वनमालाला मोठ्याने वाचून दाखवलं. लसूण सोलणारा तिचा हात थांबला.

“मंग ते कापसाचं जिन नव्हतं?”

“अगं, दारू ती! जिन नावाची दारू असते.”

“असं व्हय,” ती म्हणाली. “मले जिन अन् फादर, दोनच शब्द समजले. मले वाटलं, त्याचाबी बाप आमच्या बाबासारखा गेला.”

माझे सासरे देवाजी भैंशाच्या जिनात तीस वर्षं होते. शेवटच्या वर्षी तोंडाला रुमाल लावून बाजेवर बसून असायचे. मी त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो होतो. तरी ते परीक्षण वाचताना मला ते आठवले नाहीत.

“तू लिहायचीस?”

“तुमी दुपारी झोपले की. मोबाइलवर.” तिने लसणाची सालं गोळा केली. “बाबाच्या खिशात सदा सरकी सापडे. तेच नाव ठेवलं.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटत होती, आणि माफी मागायची सोडून मी अंकाची घडी घालत बसलो.

संध्याकाळी महिपतचा फोन आला. सरकीने लिहिणं थांबवल्याचं कळवलं होतं. “कॉलम तुमचाच, सुधाकरराव. अभिनंदन.”

रविवारी मी सिनेमा लावला. तिच्यासाठी खुर्ची पुढे, माझ्या शेजारी ओढून ठेवली आणि हाक मारली.

“तुमी पाहा,” ती आतूनच म्हणाली. “मले कुटं इंग्रजी समजते.”

भार्गवने माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर एक म्हातारी रिकाम्या ताटापुढे रडत होती. शब्द न् शब्द मला कळत होता, पण ती का रडतेय ते कळेना.

“वनमाला,” मी मोठ्याने विचारलं, “ही काऊन रडून राह्यली?”

आतून लसूण ठेचल्याचा आवाज तेवढा आला.