पिवळी काच, निळी काच

बाबांच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. अंग, डोळे, नखं, सगळं पिवळं पडलेलं. आणि परदेशातल्या दादाला यातलं अक्षरही कळवायचं नाही, अशी बाबांनी मला आणि आईला शपथ घातलेली. का, तर नवी नोकरी, रजा मागितली तर जाईल. जाईना का मेली! पण दादाच फोनवर म्हणाला, "सगळ्यांचा एक फोटो पाठवा. बाबांचा आवाज ओढल्यासारखा येतोय. तसं काही दिसलं तर लगेच निघतो."

"कृष्णधवल काढ," बाबा मला म्हणाले. "पिवळं दिसायला नको."

मी नुकतीच फोटो स्टुडिओवाल्या काकूंकडे शिकायला जाऊ लागले होते. त्यांचे धडे तोंडपाठ होते. माणसं खिडकीशी बसवायची, उन्हात नाही. नेम डोळ्यांवर धरायचा. ‘हसा’ म्हणायचं नाही. हातांना काहीतरी काम द्यायचं. भिंगावर पिवळी काच लावली की पिवळी कातडी उजळते, निळी लावली की तीच काळवंडते. "घरच्यांना निळी लावू नकोस हो," काकू म्हणायच्या, "जन्मभर बोलणार नाहीत."

बाबांनी दाढी केली. कोट खांद्यावरून घसरत होता, तो आईने मागून टाचण्या लावून आवळला. तिच्या हाताला काम द्यावंच लागलं नाही. तिने बाबांना पाठीमागून धरूनच ठेवलं होतं. टायमर लावून मी धावत त्यांच्या शेजारी बसले. एकदा पिवळी काच, एकदा निळी. शपथ तोंडाला होती, काचेला नव्हती.

दोन्ही फोटो मी बाबांपुढे ठेवले. निळ्या काचेतले बाबा खोल डोळ्यांचे, काळे पडलेले. ते बघतच राहिले.

"हा नको," शेवटी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तो नको असलेला फोटो मी त्यांच्यासमोर टराटरा फाडला आणि दुसरा पाकिटात घालून टपालपेटीत टाकून आले.

दादाचा फोन आला तेव्हा बाबांनी अंथरूण धरलं होतं. रिसीव्हर मी त्यांच्या कानाशी धरला. दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, काय दिसताय! माझ्यापेक्षा तरुण! उगाच जीव टांगणीला लागला होता माझा. आता निवांत पुढच्या वर्षीच येतो."

"ये, ये. सावकाश ये," बाबा म्हणाले.

मी फोन ठेवला. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडून म्हणाले, "तो दुसरा फोटो... पुन्हा निघतो का गं?"

"निघतो की बाबा! निगेटिव्ह आहे ना."

"मग पाठव. त्याला म्हणावं, ये."

मी न्हाणीघराला आतून कडी घातली, फटींना चादर लावली, लाल दिवा पेटवला. फोटो धुवायच्या औषधात कागद बुडवला. आधी कोटाचे खांदे उमटले, मग आईची बोटं, मग बाबांचे डोळे.

बाहेरून दार वाजलं.

"राहू दे गं आता," आई म्हणाली. "दादाला फोनच कर."