धुऱ्यावरचे पाच निंब

मेडशीजवळच्या टेकडीवर तत्त्वज्ञान शिकणारी मुलगी येऊन झाडांची चौकशी करते म्हटल्यावर इंद्रभानचे कान टवकारले नसते तरच नवल. ई-क्लासच्या त्या सरकारी पडीक जमिनीतले तीन एकर त्याच्या बापानं वहितीत आणले होते. ते नावावर करून मिळावेत म्हणून केलेला अर्ज तहसीलात पडून होता. जुन्या वहिवाटीचा पुरावा आणा, एवढंच उत्तर मिळे.

संस्कृती नावाची ती मुलगी गोड बोलत होती, हेच त्याला खटकलं. युरोपातले तत्त्वज्ञ पूर्वी माणसाचा हात न लागलेल्यालाच निसर्ग समजायचे, आता त्यांचं त्यांनाच ते पटेनासं झालंय, आणि आपला प्रबंध त्यावरच आहे, असं तिनं सांगितलं. मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, रांगेत उभे असलेले पाच निंब दाखवून विचारलं, हे कुणी लावले?

आज लावले कुणी म्हणणारी उद्या तोडले कुणी म्हणणार, हे इंद्रभाननं ताडलं. त्यात तिच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच.

"आपोआप आले," तो म्हणाला. "आमी हात नाई लावला."

माणसाचा हात शोधायला आलेल्या तिचा चेहरा उतरला. तेवढंच लिहून ती बसथांब्याकडे निघाली. बरी वाटेला लावली म्हणून इंद्रभान खूश होता. पण खोपटाच्या दारात बसलेली त्याची माय, भागिरथा, चहासुद्धा घेईना.

"माय, काहून बोलत नाई वं?"

"तू पोटात होता तवा नाल्याचं पानी डोक्यावर वाह्यलं म्या," ती म्हणाली. "अन् तू माह्या हातच नाई म्हनतं."

तेव्हा कुठं इंद्रभानच्या लक्षात आलं. तहसीलवाले मागत होते तो पुरावा धुऱ्यावर उभा होता, आणि त्यानं तो स्वतःच्या तोंडानं पुसून टाकला होता.

तो धावतच थांब्यावर गेला. संस्कृती अजून एसटीची वाट पाहत होती. निंब मायनं लावले, हे त्याचं ऐकून आता तिच्याच कपाळाला आठी पडली. सकाळी आपोआप आले, दुपारी आईनं लावले. मधे जमिनीचा अर्ज आठवला का, असं तिनं सरळ विचारलं. तिचं काही चुकत नव्हतं. इंद्रभाननं कशीबशी विनवणी करून तिला परत आणलं.

भागिरथानं शपथबिपथ काही घेतली नाही. खुरपं उचललं आणि मधल्या निंबाच्या बुडाशी उकरू लागली. उन्हाळ्यात पाणी झिरपत राहावं म्हणून तिनं एकेका रोपाजवळ तळाला भोक पाडलेलं मडकं पुरलं होतं. हातभर खाली मडक्याचं तोंड लागलं. मनगटाएवढी मुळी ते फोडून आरपार गेली होती.

संस्कृती तिथंच मातीत बसली. फोटो काढू का, असं तिनं विचारलं, पण इंद्रभानला नाही, भागिरथाला.

"काढ पोरी. पन आंधी याले इचार, हात कोनाचा."

इंद्रभानला मान वर करवेना.

"मायचा," तो म्हणाला.